'दहा मिनिटांत जिवाणू': दावा वाचताना काय तपासायचं?

पालेभाजीतले घातक जिवाणू झटपट ओळखणाऱ्या सेन्सरवरचे पेपर वाचायला घेतलेत, की सारांशात दोन आकडे वारंवार भेटतात: 'वेळ १० मिनिटं' आणि 'लिमिट ऑफ डिटेक्शन १० सीएफयू प्रति मिली'. ते तसेच प्रपोजलमध्ये उतरवण्याआधी थोडा हिशोब करू.

साल्मोनेलासाठीच्या आयएसओ ६५७९ पद्धतीत साधारणपणे २५ ग्रॅम नमुना २२५ मिली पेप्टोन वॉटरमध्ये मिसळतात. मेथीच्या त्या नमुन्यात एकच पेशी असेल, तर ती २५० मिलीत कुठेतरी तरंगतेय. सेन्सरवर १ मिली टाकलंत, तर ती हाती लागण्याची शक्यता २५० त १. पीसीआरमध्ये ५ मायक्रोलिटर घातलंत, तर ५०,००० त १. मिलीला १० पेशी हव्या असतील, तर एकूण अडीच हजार लागतात. एका पेशीच्या तेवढ्या व्हायला, दर २० मिनिटांनी दुप्पट धरलं तरी जवळपास चार तास जातात. शेतातली पेशी तर उन्हानं अर्धमेली असते, तिला आधी सावरावं लागतं. म्हणूनच आयएसओ पहिल्याच टप्प्याला सुमारे १८ तास देते. थोडक्यात, '१० मिनिटं' ही फक्त शेवटच्या पायरीची वेळ आहे.

दुसरा आक्षेप नमुन्यावर. अनेक पेपरांत स्वच्छ धुतलेल्या लेट्यूसवर प्रयोगशाळेत वाढवलेले ताजे जिवाणू टाकतात. आपल्याकडे पुण्याचं सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा दौंडमधलं वाळकी आणि शिरूरमधलं रांजणगाव सांडस यांच्याजवळ भीमेला मिळते. अशा पाण्याच्या पट्ट्यातल्या कोथिंबिरीवर माती असते, इतर असंख्य जिवाणू असतात, मेलेल्या पेशींचा डीएनए असतो. साधा पीसीआर मेलेलं आणि जिवंत यांत फरक करत नाही. पानातली रसायनं त्याची अभिक्रियाही अडवतात. तिथे 'निगेटिव्ह' म्हणजे जिवाणू नाही, की चाचणीच चालली नाही? अंतर्गत नियंत्रण नसेल, तर हे कळायला मार्ग नाही.

तिसरा मुद्दा 'पॉझिटिव्ह'चा. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाई ओ१०४:एच४ च्या साथीत ५० हून अधिक माणसं दगावली. सुरुवातीला दोष स्पेनच्या काकडीवर आला. काकडीत ई. कोलाई सापडलाही होता, पण तो साथीचा नव्हता. खरा धागा पुढे मोड आलेल्या मेथीपर्यंत गेला. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल पडून सडला. चुकीचा निगेटिव्ह खाणाऱ्याला भोवतो, घाईचा पॉझिटिव्ह पिकवणाऱ्याला.

मग झटपट चाचणी नकोच का? हवी. मेथीची जुडी काढल्यावर एक-दोन दिवसांत विकली जाते, तिचा अहवाल पाच दिवसांनी येऊन उपयोग काय? पण जुडी बाजारात गेल्यावर १० मिनिटांच्या मागे धावण्यापेक्षा, पीक रानात उभं असतानाच पाणी आणि बियाणं तपासलं, तर २० तासांची चाचणीसुद्धा वेळेवर पोचते.

तेव्हा पेपर वाचताना तीन गोष्टी शोधा: नमुना घेण्यापासून निकालापर्यंतचा एकूण वेळ, खऱ्या शेतातले नमुने, आणि पॉझिटिव्ह आल्यावर जिवाणू वेगळा काढून केलेली खात्री. यातलं जे सापडणार नाही, तिथेच तुमच्या संशोधनाला जागा आहे.