वेताळाच्या गुहेबाहेर कोण उभं आहे?

मित्रांनो, सुरुवात एका प्रश्नानं करतो. प्रश्न माझा नाही, आमच्या वस्तीतल्या एका पोराचा आहे. आम्ही सातवी-आठवीत होतो. जळगावात एसटी स्टँडकडे जुन्या पुस्तकांची हातगाडी लागायची. थोडे पैसे दिले की तिथंच खाली बसून 'इंद्रजाल कॉमिक्स' वाचायला मिळायचं. भाडं एक जण द्यायचा, मुंडकी पाच जण घालायचे. घरी आलं की डोळ्याला फडकं बांधून गल्लीभर वेताळ वेताळ. प्रत्येकालाच वेताळ व्हायचं असायचं. तर हा बुटका, काळा पोरगा एकदा पानावर बोट ठेवून म्हणाला, "भो, यामा आपला कोन शे?" आम्ही हसलो. "येडा, हाऊ वेताळ शे ना!" तो म्हणाला, "तो ते गोरा शे." आणि त्याचं बोट मागं सरकलं. धनुष्यबाण घेऊन उभ्या असलेल्या ठेंगण्या काळ्या माणसांच्या रांगेवर जाऊन थांबलं.

हसणं बंद झालं. मग आम्ही पुढचं पान उलटलं. पान उलटणं सोपं असतं.

मराठीचे प्राध्यापक कॉमिक्सवर समीक्षा लिहीत नाहीत. पोरखेळ म्हणून सोडून देतात. पण ज्या वयात माणसांची उतरंड डोक्यात बसते, त्या वयात आम्ही हेच वाचत होतो. ज्ञानेश्वरी आमच्या हातात नंतर आली. वेताळ आधी आला. म्हणून हा हिशेब मांडायला पाहिजे.

टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं. १९९० ला ते बंद पडलं. मराठीतही निघायचं. त्यातला वेताळ म्हणजे मूळचा 'फँटम'. ली फॉक या अमेरिकन लेखकानं तो फेब्रुवारी १९३६ मध्ये वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत आणला. अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यावर मुखवटा. सुपरमॅन त्यानंतर दोन वर्षांनी आला.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १५३६ साली चाचे जहाज लुटतात, बापाला मारतात. पोरगा किनाऱ्याला लागतो. बंदार जमातीची ठेंगणी माणसं त्याला वाचवतात. तो बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. मग बाप मेला की पोरगा तेच कपडे चढवतो आणि जंगलाला वाटतं, हा मरतच नाही. आपण वाचतो तो एकविसावा.

आता थांबून विचारा. जीव वाचवला कुणी? बंदारांनी. गुहा राखतं कोण? बंदार. आणि कवटीच्या सिंहासनावर बसतं कोण? चारशे वर्षांत एकही बंदार तिथं बसला नाही. बसायचं त्याच्या मनातसुद्धा येत नाही. हे आपल्याला नवं आहे का? गावाची वेस रात्रभर राखायची, आत मात्र यायचं नाही, त्याला आपल्याकडे वेसकर म्हणत. महार वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. इंद्रजालच्या पानावर ते पुढं तीस वर्ष चालू राहिलं, रंगीत छपाईत. आणि आम्ही पैसे देऊन ते वाचत राहिलो.

नावाचीही गंमत पाहा. मूळ गोष्टीत 'बेंगाली' होतं, इंद्रजालनं त्याचं 'डेंकाली' केलं. 'सिंग' चाच्यांचं 'सिंगा' केलं. तिथं भावना दुखावणारे वाचक होते ना! 'बंदार' हे नाव इंग्रजी अंकात तसंच राहिलं. बंदर म्हणजे काय, हे या देशात शेंबड्या पोराला कळतं. पण त्या माणसांच्या वतीनं रागावणारं कुणी नव्हतं.

एक गोष्ट फॉकच्या बाजूनं सांगितली पाहिजे. पुढं त्यानं त्या देशाला लामांडा लुआगा हा काळा, निवडून आलेला अध्यक्ष दिला. बरं झालं. पण जंगल गस्तीचा गुप्त कमांडर कोण? वेताळच. मतदान झालं, चावी जुन्याच हातात. हेही आपल्याला ओळखीचं आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं आफ्रिकेतलं, आपला काय संबंध? मग चला धरणगावला, आपल्याच जिल्ह्यात. १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाच्या तरुण गोऱ्या अधिकाऱ्यानं तिथं खानदेश भिल्ल कोअर उभी केली. सातपुड्यातल्या भिल्लांना काबूत आणायला भिल्लच हाताशी धरले. वाघ मारणारा शूर साहेब आणि त्याच्यावर जीव टाकणारे भोळे भिल्ल, अशा कथा मग इंग्रजांनी रंगवल्या. १८९७ मध्ये रुडयार्ड किपलिंगनं 'द टूम ऑफ हिज ॲन्सेस्टर्स' ही कथा लिहिली. तिच्यातही भिल्ल आहेत, सातपुडा आहे. भिल्ल एका मेलेल्या गोऱ्या साहेबाची कबर पुजतात. नातू पलटणीत येतो तेव्हा म्हणतात, आजाच परत आला. त्याच्या शब्दावर देवी टोचून घेतात. घराणं, न मरणारा गोरा, आणि त्याच्याशिवाय शहाणे न होणारे जंगली. फॉकच्या वेताळाचा सांगाडा आपल्या डोंगरात चाळीस वर्ष आधी उभा होता.

त्याच डोंगरातला खाज्या नाईक मात्र या सांगाड्यात बसत नाही. सेंधव्याच्या घाटात सरकारच्या रस्त्याची राखण करणारा तो भिल्ल १८५७ ला उलटला. म्हणजे वेसकरच उठला. अशा माणसाला वेताळाच्या गुहेत जागा नाही.

आता अमेरिकेकडं बघू. जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला. अनेक गोष्टी एकत्र देणारं ते दहा सेंटचं जाड चोपडं. सुपरमॅन काढणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर ही क्लीव्हलँडची ज्यू पोरं. सगळे हक्क त्यांनी १३० डॉलरला देऊन टाकले. नंतर त्यावर मालकांनी कोट्यवधी कमावले. १९४१ मध्ये सायमन आणि कर्बी, हेही ज्यूच, यांनी पहिल्याच मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिकाकडून हिटलरला ठोसा मारवला. मार खाणाऱ्या जमातीनं कागदावर हात उगारला. हे मोठंच आहे.

पण त्याच काळातल्या अंकांत काळा माणूस कसा होता? जाड ओठ, फुटके डोळे, तोंडात बावळट भाषा. 'कॅप्टन मार्व्हल'मध्ये 'स्टीमबोट' नावाचा असा एक नोकर होता. १९४५ मध्ये न्यूयॉर्कची शाळकरी पोरं त्याचं चित्र मोठं करून घेऊन थेट प्रकाशकाच्या कचेरीत गेली. म्हणाली, हे आम्ही नाही. स्टीमबोट बंद झाला. मित्रांनो, ती पोरं आमच्याच वयाची होती. आम्ही पान उलटलं, ती चालत गेली. दोन वर्षांनी, १९४७ ला, फिलाडेल्फियात ओरिन इव्हान्स या काळ्या पत्रकारानं 'ऑल-नीग्रो कॉमिक्स' काढलं. लिहिणारे काळे, काढणारे काळे. एकच अंक निघाला. पण वही आपली, पेन आपलं.

इथं टाळ्या वाजवून लेख संपवता आला असता. पण मग आपल्या घरातलं राहून जाईल.

आपण बाबासाहेबांचं काय करतोय? निळा कोट हा जणू वेताळाचा पोशाख झालाय. एकटा महापुरुष आकाशातून आला, आपल्याला सोडवलं, आता दरवर्षी ढोल वाजवायचे. म्हणजे ढोल वाजवणारे पुन्हा आपणच. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनीच बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि हुकूमशाहीकडं नेते. हे आपण ऐकलं, आणि फोटोला हार घातला.

१९७९ मध्ये अमर चित्र कथेनं बाबासाहेबांवर अंक काढला. घरोघरी गेला, चांगलं झालं. पण ती मालिकाच देव, राजे आणि थोर पुरुषांची. तिच्या साच्यात माणूस एकटाच मोठा होतो. २०११ च्या 'भीमायन'मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी वेगळं केलं. माणसांना चौकटीच्या डब्यांत कोंबायला त्यांनी नकार दिला. ज्याचं बोलणं विषारी, त्याच्या शब्दांना विंचवाची नांगी लावली. पाणी, निवारा, प्रवास या तीन गोष्टींभोवती पुस्तक फिरतं. या गोष्टी एकट्या नायकाच्या नाहीत, सगळ्या वस्तीच्या आहेत.

महाडचं तळं आठवा. २० मार्च १९२७. बाबासाहेब पुढं होते, पण पाणी हजारोंनी प्यालं. ते चित्र काढायचं असेल तर पुढचा एक चेहरा काढून भागत नाही. मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला चेहरा द्यावा लागतो. ओंजळ द्यावी लागते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आपला वेगळा वेताळ काढू नका. निळा मुखवटा चढवला तरी गुहा तीच राहते. ज्याला चित्र काढता येतं त्यानं चित्र काढावं, ज्याला लिहिता येतं त्यानं लिहावं. पण सुरुवात मागच्या रांगेपासून करा. आणि आपलं काढलेलं पान वस्तीतल्या सगळ्यात लहान पोराला दाखवा. तो बोट ठेवून विचारील, "यामा आपला कोन शे?"

त्याला उत्तर देता आलं तरच ते छापा.