किती खर्च आला?

मराठीत युरोपची प्रवासवर्णनं भरपूर आहेत, पण 'किती खर्च आला?' या प्रश्नाचं उत्तर त्यांत क्वचितच सापडतं. आमच्या पाबळमध्ये मात्र कुणी लांबून आलं की पहिला प्रश्न हाच. पुण्यातल्या माझ्या ऑफिसात तो असभ्य ठरेल. मला तो समीक्षेचा प्रश्न वाटतो. प्रवासी कुठे थांबतो, काय खातो, कुणाशेजारी बसतो हे पैशावर ठरतं. मग लेखनात तो का दिसू नये?

मराठीला पैशाबद्दल लिहिता येत नाही असं नाही. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' सुरूच होतो दक्षिणेच्या आशेने. वरसईहून निघालेला हा भिक्षुक १८५७चं बंड पाहायला गेला नव्हता. कमवायला गेला होता, आणि लुटला गेला. त्यामुळे त्याच्या पुस्तकातलं बंड कनवटीला हात लावून वाट काढणाऱ्या माणसाला दिसेल तसं दिसतं. धर्मानंद कोसंबींच्या 'निवेदना'त (१९२४) गोव्यातून निघालेला तरुण काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकतो, नेपाळ गाठतो, पुढे सिंहलद्वीपाला जातो. पोटाची सोय हा त्या कथनाचा कणाच आहे. आज ज्याला 'बजेट सोलो' म्हणतात, ते आपल्याकडे इतकं जुनं आहे.

रस्ता युरोपकडे वळला की मात्र ही वही मिटते. 'अपूर्वाई' (१९६०) मी अनेकदा वाचलं आहे, अजूनही हसते. पु. ल. टेलिव्हिजनचं शिक्षण घ्यायला बीबीसीत गेले होते, सोबत सुनीताबाई होत्या. पैसा तिथे येतो तो बहुधा विनोद म्हणून, त्यामुळे वाट बदलावी लागली असं वाटत नाही. शिवाय सोबत माणूस असलं की संवाद आपोआप घडतो. एकटीने फिरताना गद्याची ती सोय जाते. मीना प्रभूंनी ती उणीव वाटेत भेटणाऱ्या माणसांशी गप्पा मारून भरून काढली. एकट्या बाईच्या प्रवासाला मराठीत प्रतिष्ठा मिळाली, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण लंडनमध्ये घर असलेल्या डॉक्टरचं निघणं आणि पाबळहून निघणं यांत फरक आहे, आणि तो फरक अजून कुणी लिहायचा आहे.

१९५७ साली आर्थर फ्रॉमर या अमेरिकनाने रोज पाच डॉलरांत युरोप पाहण्याचं पुस्तक काढलं. कमी खर्च ही तडजोड नव्हे, त्यानेच तुम्ही तिथल्या माणसांच्या जवळ जाता, असं त्याचं म्हणणं. विचार चांगला आहे, पण त्यामागे डॉलर उभा होता. मला शेंगेन व्हिसासाठी बँकेचं स्टेटमेंट, पगाराच्या पावत्या, रजेचं पत्र, राहण्याची बुकिंगं आणि किमान ३०,००० युरोचा विमा द्यावा लागला. स्वस्तात फिरण्याआधी मी गरीब नाही हे सिद्ध करायचं! ९० युरो फी वेगळी. तेवढ्यात प्रागच्या हॉस्टेलात मी चार रात्री झोपले.

आजचे सोलो प्रवासी आकडे देतात, अगदी ट्रामच्या तिकिटापर्यंत. पण ते पैसे किती महिन्यांत साठले, घरी काय सांगितलं, गावाबाहेरचा स्वस्त पलंग घेतला म्हणून कुठली संध्याकाळ सोडून अंधाराआधी परतावं लागलं, हे येत नाही. जुन्यांनी आकडा झाकला, नवे तो मिरवतात. दोन्हीकडे माणूस हरवतो.

व्हिएन्नाच्या ऑपेरात उभ्याने पाहण्याची स्वस्त तिकिटं असतात. तिथे नेहमीचे लोक जागा राखायला कठड्याला रुमाल बांधतात. शिरूरच्या स्टँडवर एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकणारी आम्ही माणसं, मला ती पद्धत कुणी समजावून सांगावी लागली नाही. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून, ओठ हलवत उभे होते. सगळा ऑपेरा पाठ असावा. खाली मखमली खुर्चीत बसले असते तर हे गृहस्थ मला दिसले नसते, आणि रुमालही नाही. मी जी व्हिएन्ना पाहिली ती त्या तिकिटाच्या किमतीची होती.

म्हणून खर्च लिहावा. शेवटी तक्ता जोडून नव्हे, वाक्यांत लिहावा. कशावर पैसे वाचवले, त्यामुळे काय हुकलं आणि कोण भेटलं, हे सांगणारं युरोपवर्णन मराठीत आलं, तर ते 'अपूर्वाई'पेक्षा कमी हसवेल. पण पहिल्यांदाच पासपोर्ट काढणाऱ्या घरांतल्या मुलींना ते वाचून आपलं वाटेल.