नाटककाराचा संसार : वरेरकर आणि ‘ललितकलादर्श’

मराठीत ‘मंडळी’ हा शब्द समुदायवाचक आहे. परंतु ‘घरची मंडळी’ म्हणताना तो कुटुंबवाचक होतो, आणि जुन्या वळणाच्या बोलण्यात पत्नीचा निर्देशही त्याच शब्दाने केला जातो. नाटकसंस्थेस ‘नाटक मंडळी’ म्हणणाऱ्या भाषेने तिचे स्वरूप नेमके ओळखले होते. गावोगाव बिऱ्हाड हलविणारी ही संस्था जसा व्यवसाय होती, तसेच कुटुंबही होती. भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर (1883–1964) यांनी आपल्या आत्मचरित्रास ‘माझा नाटकी संसार’ हे नाव दिले. त्यातील ‘संसार’ हा शब्द म्हणूनच केवळ आलंकारिक मानता येत नाही. ‘ललितकलादर्श’ मंडळीशी असलेले त्यांचे नाते लक्षात घेतल्यावाचून ‘सत्तेचे गुलाम’ या नाटकाचे मूल्यमापन अपुरे राहते.

या मंडळीचे संस्थापक केशवराव भोसले यांचा जन्म कोल्हापूरचा, 9 ऑगस्ट 1890 चा. बालपणीच पितृछत्र हरपल्यावर ते स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले आणि 1908 च्या आरंभी, वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांनी हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ स्थापिली. वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत आलेले ‘संन्याशाचा संसार’ ही नाटके याच मंडळीने रंगभूमीवर आणली. हुंड्यासारखा जळता प्रश्न आणि केशवरावांचा तेजस्वी गळा यांचा हा संयोग होता. प्रेक्षक गाणे ऐकावयास येई आणि जाताना प्रश्न घेऊन जाई. परंतु या संयोगातच एक धोकाही दडलेला होता : नाटकाचा भार एका कंठावर होता.

8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साह्यार्थ बालगंधर्व व केशवराव यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले. त्यानंतर तीन महिने पुरे होण्याआधीच, 4 ऑक्टोबर रोजी, केशवराव निवर्तले. त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. मंडळीची धुरा बापूराव पेंढारकर यांच्याकडे आली आणि पुढील वर्षीच तिने वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणले.

या नाटकाकडे असहकारितेच्या चळवळीचे नाटक म्हणून पाहण्याचा प्रघात आहे, आणि तो चुकीचा नाही. तथापि, ते कोणत्या घरासाठी लिहिले गेले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. गळा वारशाने देता येत नाही. विचार आणि भूमिका देता येते. नायक वैकुंठ हा एका विशिष्ट गायकाच्या छायेत उभा राहत नाही; तो एका भूमिकेचा, दोन्ही अर्थांनी, धनी आहे. नाटकात पदे आहेत, परंतु कथानकाचा तोल संवादावर आहे. पोरक्या झालेल्या मंडळीस याच प्रकारच्या नाटकाची गरज होती. नाटककाराने हे हेतुपुरस्सर योजिले असे सिद्ध करता येणार नाही. परंतु कृतीची रचना त्या गरजेशी जुळते, एवढे निश्चित म्हणता येते.

या निकट संबंधाची किंमतही नाटकाने मोजली आहे. घर चालविण्यासाठी लिहिणाऱ्यास सवड कमी असते. प्रश्न ताजा हवा, प्रयोग लवकर हवा, या निकडीमुळे वरेरकरांची पात्रे अनेकदा पक्ष मांडतात आणि जगावयाचे राहून जातात. पुढील वर्षीच्या ‘तुरुंगाच्या दारात’ या अस्पृश्यतेवरील नाटकातही विषयाचे धैर्य आणि स्वभावचित्रणाची घाई ही एकत्रच आढळतात. आपुलकीने लिहिलेले सारेच उत्तम असते, असा निष्कर्ष येथे काढणे अप्रयोजक ठरेल.

तरीही कालाची कसोटी वेगळी साक्ष देते. मार्च 1937 मध्ये बापूरावही गेले. त्यांचे पुत्र भालचंद्र यांचा जन्म 25 नोव्हेंबर 1921 चा, म्हणजे केशवरावांच्या निधनानंतर दोन महिन्यांच्या आतला; पित्याच्या मृत्यूसमयी ते पंधरा वर्षांचे होते. 1942 साली ते रंगभूमीवर आले ते ‘सत्तेचे गुलाम’ मधील वैकुंठ म्हणूनच. वीस वर्षांपूर्वी एका शोकग्रस्त मंडळीस मिळालेले नाटक दुसऱ्या शोकानंतर पुन्हा तिच्या उपयोगी पडले. आणि योगायोगाने ते वर्षही ‘चले जाव’ चेच होते.

आपल्या नातेव्यवस्थेत मामाला भाच्याच्या घरात वाटा नसतो. अडचणीच्या वेळी पाठीशी उभे राहण्याचे कर्तव्य मात्र असते. वरेरकर ‘ललितकलादर्श’ चे मालक नव्हते, आणि दोन्ही मालकांच्या पश्चात ते हयात होते. ‘मामा’ हे नाव त्यांना कसेही पडलेले असो, या घरापुरते ते अन्वर्थक ठरले. कोल्हापुरात केशवरावांचे नाव धारण करणारे नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 रोजी, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, आगीत भस्मसात झाले. वास्तू पुन्हा उभारता येते. मंडळी पुन्हा उभी राहावयाची, तर तिच्या हाती नाटक असावे लागते. वरेरकरांनी ते दिले होते.