नाट्यभित्तिपत्रक

नाट्यप्रयोगाच्या जाहिरातीसाठी सार्वजनिक ठिकाणी लावण्यात येणारे छापील पत्रक. आरंभी त्यात नाटकाचे नाव, नटसंच, वेळ व तिकिटांचे दर एवढाच मजकूर खिळे जुळवून छापीत. शिळामुद्रणाने मोठी रंगीत चित्रे काढणे सुलभ झाल्यावर पॅरिसमध्ये झ्यूल शेरे (१८३६–१९३२) याने त्यास कलारूप दिले. मात्र जाहिरात नाटकाची करावयाची की नटाची, हा प्रश्नही चित्राबरोबरच आला.

आल्फोन्स मूखा (१८६०–१९३९) याचे सार्दूच्या ‘झिस्मोंदा’ नाटकासाठी काढलेले भित्तिपत्रक १ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसमध्ये झळकले. सुमारे दोन मीटर उंचीच्या त्या अरुंद पत्रकावर सारा बेर्नार (१८४४–१९२३) ही अभिनेत्री हाती ताडपर्ण घेऊन उभी आहे. मस्तकामागील कमान तेजोवलयासारखी भासते. संतप्रतिमेची ही मांडणी देखणी खरी. पण नाटकात काय घडते, याचा तीत मागमूस नाही. बेर्नारने मूखाला सहा वर्षांसाठी करारबद्ध केले, आणि पुढे गणिका असो वा राजपुत्र, तीच उंच चौकट व तीच एकाकी आकृती पुन्हापुन्हा अवतरली. ‘मेदे’ (१८९८) हा सन्माननीय अपवाद होय. विस्फारलेले डोळे, हातातील खंजीर व पायांशी पडलेली मुले यांमुळे येथे अलंकरण मागे सरते आणि शोकांतिका प्रत्ययास येते.

जेम्स प्राइड (१८६६–१९४१) व विल्यम निकल्सन (१८७२–१९४९) या मेहुण्यांनी ‘बेगरस्टाफ’ या नावाने काढलेले ‘हॅम्लेट’चे भित्तिपत्रक (१८९४) याहून अधिक नाट्यमय आहे. गॉर्डन क्रेग त्यात हॅम्लेटच्या भूमिकेत असला, तरी नजरेत भरते ती कवटीकडे पाहणारी काळी आकृती. तपशील गाळल्याने प्रेक्षकाची कल्पकता कामाला लागते. या जोडीला व्यावसायिक यश लाभले नाही, हेही नमूद करावयास हवे.

मराठी रंगभूमीची जाहिरात मुख्यतः दैनिकांतील लहान चौकटींतून होत आली. तेथे चित्राला पुरेसा वाव नसल्याने शीर्षकाच्या अक्षरांनाच चित्राचे काम करावे लागले. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी ठरावीक खिळ्यांऐवजी नाटकाच्या प्रकृतीनुसार स्वतंत्र अक्षरवळणे घडविली. नटाचा चेहरा नसतानाही, नाटक ऐतिहासिक आहे, गंभीर आहे की निव्वळ विनोदी, हे शीर्षक वाचतानाच वाचकास उमगते.