चौकोनात मावणारी अक्षरं

मुळशीतल्या रिहे खोऱ्यातल्या शेतकऱ्याला आज इंद्रायणी तांदूळ थेट विकायचा असेल, तर पाटी रंगवण्याआधी व्हॉट्सॲपची पोस्ट तयार होते. ती करणारा मुलगा बहुधा गावातलाच. तो फोनवर कॅनव्हा हे डिझाइनचं ॲप उघडतो, भाताचं चित्र शोधतो आणि हिरव्या पायऱ्यांच्या शेतातली, टोकदार टोपी घातलेली बाई उचलतो. ती बाई आग्नेय आशियातली. मुळशीत आवणीच्या दिवसांत डोक्यावरून पाठीवर इरलं घेऊन बाया चिखलात वाकलेल्या असतात. ते इरलं पोस्टमध्ये क्वचितच येतं. सोशल मीडियावरच्या मराठी डिझाइनची अवस्था मला यात दिसते. हात तयार आहेत, नजर उसनी आहे.

उसनं घेण्यात गैर काही नाही. मुळशीच्या शेजारी मावळात, मळवलीला १८९९ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना आला. शिळाछाप युरोपातली, कारागीर जर्मन, तैलचित्राची रीतही तिकडचीच. पण तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत भिंतीवर लागल्या, कारण त्यांची साडी, त्यांचे दागिने, त्यांचं बसणं लोकांच्या ओळखीचं होतं. आज ॲप मराठीत चालतं, मजकूर मराठी असतो आणि चित्र तेवढं परकं राहतं.

नव्या कल्पनांसाठी पिंटरेस्ट चाळणाऱ्या तरुणांना मी आधी सुलेखनकार कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी रेखाटलेली नाटकांची नावं बघायला सांगेन. वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात म्हणजे काळ्या शाईतला चिमुकला चौकोन, आजूबाजूला तशाच कितीतरी. रंग नाही, आणि फोटो छापला तरी त्या कागदावर काळवंडायचा. हाताशी उरायचं ते फक्त नाव. शेडग्यांनी त्या नावालाच नाटकाचा स्वभाव दिला. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे बापलेकांतल्या दुराव्याचं नाटक आणि ‘वस्त्रहरण’ हा मालवणी हास्याचा दंगा. यांची अक्षरं आपसात बदलून चालणारच नाहीत. फोनवरचा चौकोनही तेवढाच लहान आहे, गर्दी त्याहून जास्त, आणि बघणाऱ्याचा अंगठा क्षणभरच थांबतो. अडचण तीच असल्यामुळे तिचं उत्तरही मला त्या जुन्या जाहिरातींत दिसतं. टेम्प्लेटमध्ये मात्र तांदळाचं, प्लॉटचं आणि वाढदिवसाचं अक्षर एकच असतं.

साधनांची उणीव आता राहिलेली नाही. र. कृ. जोशींनी संगणकासाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला, अच्युत पालवांनी मोडीच्या अभ्यासातून सुलेखनाला नवं वळण दिलं, आणि ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाचा ‘मुक्ता’ आज कुणालाही फुकट मिळतो. तरीही पोस्टवरच्या ‘मुळशी’तला ‘श’ जरा जवळून बघा. देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ ही मराठीची रूपं राज्य शासनानेही २००९ च्या निर्णयात ठरवून दिली आहेत. पोस्टवर पुष्कळदा हिंदी वळणाचीच येतात, कारण फॉन्ट तसाच उघडतो. काही फॉन्टांत मराठी रूप आत ठेवलेलं असतं. भाषा मराठी निवडली की ते समोर येतं. ते निवडायला कुणी शिकवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दोष एकट्या डिझायनरचा नव्हे. दसऱ्याची पोस्ट आदल्या रात्री मागवली जाते. तीत आधी नेत्याचा फोटो, मग शुभेच्छुकांचे, उरलेल्या जागेत सण. अशा घाईत टेम्प्लेटशिवाय कुणाचंही भागणार नाही. पण तांदळाला वर्षभराची मुदत असते. आवणीपासून झोडणीपर्यंत दोनचार वेळा डिझायनरला बांधावर बोलवावं, खाचरं, इरली, उडव्या त्याला कागदावर काढू द्याव्यात आणि त्या कामाचे वेगळे पैसे मोजावेत. मग तांदळाचं नाव एकाच हाताने, एकाच वळणात लिहिलं जाईल, आणि फोनवर ते पाहिलेलं गिऱ्हाईक बाजारात गोणीवरूनही ओळखेल.