साचा, मुद्रा आणि रेशमाचा धागा

आपल्या समीक्षेत 'साचेबंद' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. कथा साचेबंद आहे असे म्हटले की तिच्याबद्दल अधिक बोलण्याची गरज उरत नाही. या शब्दामागे एक गृहीत आहे: साचा म्हणजे कष्ट टाळण्याची सोय, आणि जिथे साचा आला तिथून हात आणि बुद्धी दोन्ही निघून गेले. जपानमधले कापड रंगवण्याचे कागदी साचे, म्हणजे 'कातागामी', आणि तिथल्या घराण्यांच्या मुद्रा, म्हणजे 'कामोन', यांचा एकत्र विचार केला की हे गृहीत टिकत नाही.

कातागामीचे माहेर म्हणजे नागोयाच्या नैऋत्येला, इसे उपसागराच्या काठी असलेल्या सुझुका शहरातील शिरोको आणि जिके या वस्त्या. एदो काळात (1603-1868) हा भाग तोकुगावांच्या किशू शाखेच्या अमलाखाली होता. तिच्या आश्रयामुळे इथले व्यापारी साच्यांच्या गठड्या घेऊन देशभर फिरू शकत. साच्याचा कागद साधा नसे. हातकागदाचे ताव एकावर एक चिकटवायचे ते 'काकी'च्या कच्च्या फळांच्या तुरट रसाने. काकी हे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले फळ. मग तो कागद वाळवून धुरी द्यायची. असा कागद ओला झाला तरी फुगत नाही, आकसत नाही.

कोरण्याच्या पद्धती चार. पातीने पुढे ढकलत कापणे, अर्धगोल अवजार फिरवून बारीक छिद्रे पाडणे, फुलाच्या पाकळीसारख्या आकाराच्या ठशांनी टोचणे आणि पट्टी धरून रेघा ओढणे. सर्वांत बारीक नक्षीत तीन सेंटिमीटरच्या चौकोनात 800 ते 900 छिद्रे बसवलेली असतात. साचा कापडावर ठेवून त्यातून भाताची खळ फिरवतात, मग कापड रंगवतात आणि धुतात. खळ लागलेली जागा पांढरी राहते. म्हणजे कोरणारा कागदात जिथे भोक पाडतो, तिथे कापडावर रंग येत नाही. त्याला सगळे विचार उलटे करावे लागतात.

पण खरी अडचण वेगळीच आहे. कागदातून एक पूर्ण वर्तुळ कापा. आतली चकती खाली पडते. कोणत्याही कोरीव साच्याचा हा मूळ पेच आहे: आतला भाग बाहेरच्या भागाला कुठेतरी जोडलेला हवा. त्यासाठी ठेवलेल्या अरुंद पट्टीला आपण पूल म्हणू. पूल ठेवला तर रेघ तुटते, नाही ठेवला तर साचा विस्कटतो. लांब रेघांच्या नक्षीत तर कागदाच्या पट्ट्या केसांसारख्या हलतात. यावर इसेच्या कारागिरांनी काढलेला उपाय म्हणजे 'इतोइरे'. कोरलेल्या कागदाचे दोन पदर अलग करायचे, मधून रेशमाचे अतिशय बारीक धागे ताणून घ्यायचे आणि दोन्ही पदर रेघेला रेघ जुळवून काकीच्या रसाने पुन्हा चिकटवायचे. धागा इतका बारीक की खळ त्याच्या खालून वाहते आणि कापडावर त्याची खूण राहत नाही. 1955 साली जपान सरकारने इसेच्या सहा कारागिरांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून ओळखला जाणारा मान दिला. त्यांतल्या जोनोकुची मिए यांना तो नक्षी कोरण्यासाठी नव्हे, धागे घालण्यासाठी मिळाला. जे दिसू नये म्हणूनच केले जाते, त्या कामाची ही दखल होती.

आता मुद्रांकडे वळू. हेइआन काळातल्या दरबारी सरदारांनी आपल्या बैलगाड्या ओळखू याव्यात म्हणून त्यांवर चिन्हे काढली. पुढे ती योद्ध्यांच्या निशाणांवर गेली आणि एदो काळात सामान्य माणसांपर्यंत पोचली. बहुतेक शेतकरी-व्यापाऱ्यांना उघडपणे आडनाव लावण्याची मुभा नव्हती, पण मुद्रा लावता येई. तोकुगावांची तीन पानांची मुद्रा मात्र निषिद्ध होती. काबुकी नटांच्याही मुद्रा होत्या. इचिकावा दानजूरो या घराण्याची खूण म्हणजे एकात एक ठेवलेली तीन चौकोनी मापे. तेव्हा मुद्रा फक्त उच्चकुलीनांची होती आणि आज ती बाजारात विटाळली, ही तक्रार इतिहासाला धरून नाही.

आज हौशी कलाकारांसाठी भिंतीवर, पिशवीवर, लाकडी पेटीवर रंगवायला या मुद्रांचे प्लास्टिकचे स्टेन्सिल मिळतात. त्यांवर टीका करायची तर ती 'पावित्र्य गेले' अशी नको. कारागिरीच्या अंगाने हवी. असंख्य मुद्रांभोवती एक कडे असते. स्टेन्सिलमध्ये ते तीन-चार ठिकाणी तुटते, कारण पूल ठेवावेच लागतात. किमोनोवर मुद्रा रेखाटणारा कारागीर आतल्या आकृतीसाठी कागदी साचा वापरतो, पण कडे काढतो ते बांबूच्या कंपासला ब्रश लावून. साचा कुठे थांबतो आणि हात कुठे सुरू होतो, हे त्याला ठाऊक असते. स्टेन्सिल उचलल्यावर त्या फटी ब्रशने भरणे हे दोन मिनिटांचे काम. ते न करता तुटके कडेच 'जपानी शैली' म्हणून मिरवले जाते.

दुसरी गोष्ट दिशेची. पातळ साचा सहज उलटा पडतो. तीन थेंब गोल फिरावेत अशी 'तोमोए' मुद्रा डावी आणि उजवी या दोन वेगळ्या मुद्रा आहेत. बौद्ध धर्माबरोबर भारतातून गेलेला स्वस्तिक तिथे 'मांजी' झाला. हिरोसाकी शहराचे ते अधिकृत चिन्ह आहे. त्याचीही डावी-उजवी रूपे निराळी गणली जातात. उंबऱ्याशी स्वस्तिक काढणाऱ्या आपल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको.

युरोपने याच्या उलट टोकाची चूक केली. 1892 मध्ये लंडनला अँड्र्यू ट्यूअर यांनी शंभर कातागामींचे पुस्तक छापले; ड्रेस्डेनच्या संग्रहालयात असे हजारो साचे आहेत. कापडासाठी झिजायला केलेले अवजार तिथे चौकटीतले चित्र झाले. एका टोकाला साच्याचे चित्र झाले, दुसऱ्या टोकाला खेळणे. दोन्हीकडे काम करणारा हात वगळला गेला.

म्हणून 'साचेबंद' या शब्दाचा हिशेब पुन्हा मांडायला हवा. ओवी हाही साचाच आहे, आणि शतकानुशतके तो वापरणाऱ्यांना कुणी साचेबंद म्हटले नाही. कारण त्यांनी त्याचे पूल कुठे आहेत हे ओळखले आणि तिथे आपला धागा घातला. एखादी कथा ओळखीच्या घडणीची आहे एवढे सांगून समीक्षकाचे काम संपत नाही. रेघ कुठे तुटली, ती तुटल्याचे लेखकाला कळले होते का, आणि कळल्यावर त्याने ती भरली का, हे त्याने दाखवायला हवे. ते दाखवता येत नसेल, तर तो शब्द वापरणे हेच साचेबंद आहे.