‘दुर्लक्षित’ लेखक म्हणजे नेमकं काय? : भाऊ पाध्ये यांच्या निमित्ताने

संशोधनाच्या आराखड्यात एक वाक्य हमखास येतं : ‘या लेखकाकडे समीक्षेचं दुर्लक्ष झालं आहे.’ वाचायला बरं वाटतं. पण मुलाखतीत कोणी विचारलं, ‘कोणी दुर्लक्ष केलं? कधी?’, तर काय सांगाल? भाऊ पाध्ये यांचं उदाहरण घेऊन बघू.

भाऊंचं मूळ नाव प्रभाकर नारायण पाध्ये (१९२६–१९९६). आधी कामगार चळवळीत, मग पत्रकारितेत. ‘वैतागवाडी’ आणि ‘वासूनाका’ १९६५च्या, ‘राडा’ १९७५ची. (ग्रंथालयाच्या यादीत सांभाळून शोधा. ‘सौंदर्यानुभव’ लिहिणारे प्रभाकर पाध्ये वेगळे.)

‘वासूनाका’वर अश्लीलतेचा आरोप झाला, मोठा वाद पेटला. मग भाऊंकडे कोणी बघितलंच नाही, असं कसं म्हणायचं? बघितलं, पण बहुतेकांनी एकाच पुस्तकाकडे, आणि त्यातही भाषेच्या उघडेपणाकडे. त्या गोंगाटात पुस्तकाची घडण मागे पडली. नाक्यावरच्या टोळक्याची हकिकत त्यांच्यातलाच पोक्या सांगतो. त्याच्या वर बसून पोरांना सुधारणारा, वाचकाला धीर देणारा लेखकाचा आवाज कुठेच नाही. माझ्या मते खरी अस्वस्थता तिथून येते. शिव्या तर नुसतं निमित्त. ‘बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर’मध्ये माणसं सुखवस्तू, शिकलेली आहेत. ती वाचली की ‘नाक्याच्या भाषेचा लेखक’ हा शिक्का अपुरा पडतो.

कौतुकात वाहून जाऊ नका, हेही सांगतो. ‘वासूनाका’तल्या बाया आपल्याला पोरांच्या नजरेतूनच दिसतात. ती नजर किती तोकडी आहे हे कादंबरी जाणवू देते, की तिच्यातच अडकते? यावर एक अख्खं प्रकरण होईल.

दुसरी बाजू म्हणजे कीर्ती आपोआप टिकत नाही, कोणीतरी राबावं लागतं. पोलिश लेखक ब्रूनो शुल्झ १९४२ मध्ये मारला गेला, तेव्हा त्याच्या नावावर कथांची दोनच पुस्तकं होती. येझी फित्सोव्स्की या कवीने पुढे अनेक वर्षं त्याची पत्रं, चित्रं शोधून काढली. भाऊंच्या बाबतीत दिलीप चित्रे यांनी निवडक कथांचं संपादन केलं. असं काम कोणी, केव्हा, कशासाठी केलं, हाही संशोधनाचाच विषय आहे.

म्हणून ‘दुर्लक्षित’ लिहिण्याआधी वहीत तीन रकाने आखा : पुस्तकं कधी छापली आणि पुन्हा कधी मिळाली, त्यांवर कोणी काय लिहिलं, अभ्यासक्रमात कधी आली. तिन्ही रकाने क्वचितच सारखे भरतात. एक भरलेला आणि दुसरा रिकामा दिसला, की तुमचा प्रश्न तिथेच सापडतो.

जव्हार-मोखाड्याच्या, आपल्या वावरसारख्या गावांतल्या मुलांना हे जास्त लवकर कळेल. घरी वारली, कोकणा नाहीतर कातकरी बोलायची आणि वर्गात ‘शुद्ध बोल’ ऐकायचं. सांगितलेलं राहतं बाजूला, लक्षात राहते ती बोलण्याची तऱ्हा. भाऊंच्या पुस्तकाचंही बरंचसं असंच झालं. तुमच्या प्रबंधात दुसऱ्या कोणाचं तसं होऊ देऊ नका.